दोन्ही शाबूत

माझी धाकटी बहीण नाझीक हसली की गाड्या थांबायच्या. हे मी कौतुकानं सांगत नाही. बिश्केकहून येणारा रस्ता घाटातून सुटतो आणि सरोवराला येऊन भिडतो, तिथे बालिकचीच्या वेशीवर आम्ही पंधरा-वीस बायका मासे विकायला बसायचो. दोरीत ओवलेले सुके चेबाक, धुरी दिलेले ट्राउट. सगळ्यांकडे तोच माल. माझं टेबल आधी लागायचं, नाझीकचं दहा पावलं पुढे. शहरातून सुट्टीला निघालेली गाडी आली की मी माशांची माळ उंच धरून हलवायची. गाडी हळू व्हायची, काच खाली यायची, आणि तेवढ्यात पुढे नाझीक दिसायची. मग काच खालीच राहायची, पण गाडी माझ्यासमोरून सरकून तिच्यापाशी जाऊन थांबायची.

"एजे, तू हातवारे करतेस ना, म्हणून," ती मला म्हणायची. थोरल्या बहिणीला आमच्यात एजे म्हणतात. "माणसांना वाटतं, पुढे अपघात झालाय."

बाकीच्या बायका खो खो हसायच्या. मीही हसायची. घरी जाऊन मात्र त्याच वाक्याचा चोथा चघळत बसायची.

माझं नाव बुरुल. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील रेल्वेत होते, रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत. ते गेले तेव्हा मी दहाची, नाझीक चारची. आपानं, म्हणजे आमच्या आईनं, स्टेशनातले डबे धुऊन आम्हाला वाढवलं. पण वाढवलं दोघींना, आणि लाड झाले एकीचे. "ती लहान आहे," एवढं एकच कारण आपाकडे असायचं, आणि ते कधी जुनं व्हायचंच नाही. नाझीक पंचवीस वर्षांची झाली तरी ती लहानच. मी दहाव्या वर्षी मोठी झाले ती झाले.

जोल्दोशची गोष्टही सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. जोल्दोश बालिकची ते बिश्केक छोटी बस चालवायचा. एका वसंतात तो रोज माझ्याकडून मासे घ्यायला लागला. रोज दोन माळा. एवढे सुके मासे एकटा माणूस खातो कसे, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो वेगळाच, की आज कुठला रुमाल बांधू. महिनाभर मी रोज सकाळी आरशात बघून निघत होते. एक दिवस त्यानं माळा घेतल्या, टोपी काढली, आणि मान खाली घालून म्हणाला, "एजे, एक विचारायचं होतं. तुमच्या बहिणीचं अजून कुठे ठरलं नाही ना?"

माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान माणूस, आणि त्यानं मला एजे म्हटलं. त्या एका शब्दानं महिनाभराचे सगळे रुमाल माझ्या डोक्यावरून उतरवले.

"नाही ठरलं," मी म्हणाले. "जा, विचार तिला. आणि उद्यापासून मासेही तिच्याचकडून घे."

थोरली घरात असताना धाकटी उजवली गेली. लग्नात मी दीडशे माणसांना चहा दिला. प्रत्येकजण पेला घेताना माझ्या तोंडाकडे बघत होता आणि प्रत्येकाला मी हसून दाखवत होते.

लग्नानंतर नाझीक दोन गल्ल्या सोडून राहायला गेली, पण मासे विकायला यायचीच. त्या पानगळीत ती बारीक दिसायला लागली. गालाची हाडं वर आली, कंबर पूर्वीहून लवचिक. मला वाटलं, नवऱ्याच्या प्रेमाचं तेज असेल. मी रात्रीची भाकरी निम्मी केली. माझी कंबर काही हलली नाही.

मधूनच ती उजव्या कुशीवर तळहात दाबून उभी राहायची.

"काय गं?"

"काही नाही. उसण भरलीय."

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला. बालिकचीत बर्फ टिकत नाही, आमचा उलान वारा उडवून नेतो. पण मासे धुरवायच्या खोपटामागे आडोशाला थोडा साचून राहतो. संडास लांब, वारा असा की माणूस उभा आडवा व्हावा, म्हणून बायका त्या आडोशालाच जायच्या. नाझीक गेली आणि परत आली. तिच्यामागून मी गेले. बर्फावर लाल होतं. फिकट नाही, चांगलं लाल, ताजं.

मी बाहेर आले तर ती तिथेच उभी होती.

"बीट खाल्लं होतं काल," ती म्हणाली.

"एवढं?"

"एजे, आपाला सांगू नकोस. दोनदा झालंय असं. आपोआप थांबतं. दुखत पण नाही."

मला काय वाटलं ते मी आज उघड सांगते. मला वाटलं, हिला दिवस गेले असतील आणि काहीतरी बिघडलं असेल. आपाला कळलं तर आपा तिला घरी आणील, मधल्या खोलीत अंथरूण घालील, मेंढीचं सूप करील, आणि मी ते सूप ढवळत बसेन. मला ते नको होतं. म्हणून मी म्हणाले, "नाही सांगत." नाझीकनं माझा हात दाबला. तिला वाटलं, मी तिचा शब्द राखतेय.

डिसेंबरात नाझीकला ताप यायला लागला आणि आजार आपाला कळलाच, रक्ताचं मात्र नाही. आपानं एका क्षणात निदान केलं. "कमरेत थंडी भरली. शंभरदा सांगितलं, दगडावर बसू नकोस, दगडावर बसू नकोस!" आमच्याकडे बाईच्या कमरेखालचं कुठलंही दुखणं दगडापासून सुरू होतं. गावच्या दवाखान्यातल्या बाईनंही तेच म्हटलं, फक्त औषधाच्या गोळ्या देऊन. "नवीन लग्न झालंय, वय पंचवीस, मूत्रमार्गाला सूज आहे. होतं असं." तीन वेळा गेली, तीन वेळा त्याच गोळ्या. गोळ्या घेतल्या की ताप उतरायचा, आणि सगळ्यांना वाटायचं गोळ्यांनी उतरला.

आपानं विटा तापवून तिच्या कुशीला दिल्या. आणि मग पेटी उघडून पांढरी शाल काढली. बकरीच्या मऊ लोकरीची, आजीनं आपाला दिलेली. "ही तुझ्या लग्नात तुला," असं आपा मला मी सोळाची होते तेव्हापासून सांगत होती. तिनं माझ्यादेखत कात्री घेतली आणि शाल मधोमध कापली, नाझीकच्या कमरेला दोन वेढे बसावेत म्हणून.

"आपा, ती माझी होती," मी म्हणाले.

"बहिणीच्या कमरेपेक्षा शाल मोठी झाली का तुला?"

नाझीक कमरेला ती बांधून बसली होती. "एजे, घे ना अर्धी. अर्धी आहे की." खरंच तिनं चांगल्या मनानं म्हटलं होतं. मी ती अर्धी घेतली नाही. ओसरीवर जाऊन लाकडं फोडत बसले, गरज नसताना.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी नाझीकची लघवी अडली. रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. वेदनेनं ती गुडघ्यावर बसली होती. जोल्दोशनं प्रवासी उतरवून बस रिकामी केली आणि तिला मागच्या लांब सीटवर निजवलं. आपाचे गुडघे धरलेले, म्हणून मी बरोबर गेले. घाटातून जाताना तो वाऱ्याच्या वेगानं चालवत होता आणि आरशात सारखा मागे बघत होता. एवढं कुणी माझ्याकडे आरशात बघेल तर मी पण लोळेन सीटवर, असा विचार माझ्या मनात आला. बहीण विव्हळत होती आणि मला तो विचार सुचत होता.

बिश्केकच्या इस्पितळात आधी नळी घातली. मग सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन. डॉक्टरीणबाईंचं नाव चिनारा सादिकोव्ना. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला कोरड्या. त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं.

"उजव्या किडनीत गाठ आहे. सात सेंटीमीटर. मूठ वळा, एवढी. ही सूज नाही, खडा नाही. कॅन्सर आहे असं मी धरून चाललेय. किडनी काढावी लागेल."

जोल्दोशनं खरोखरच मूठ वळून बघितली.

"पण ती पंचवीस वर्षांची आहे," तो म्हणाला.

"म्हणूनच कुणी शोधलं नाही. हा म्हाताऱ्यांचा आजार समजतात. लघवीतून रक्त केव्हापासून जात होतं?"

नाझीकनं माझ्याकडे पाहिलं. ती मला अडकवत नव्हती. तिला भीती वाटली की पाठीशी कुणाला तरी धरते, तसं तिनं पाहिलं.

"नोव्हेंबरपासून," मी म्हणाले. "पहिल्या बर्फापासून."

जोल्दोश माझ्याकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"तिनं सांगू नको म्हटलं होतं."

"तिनं म्हटलं! आणि तुम्ही ऐकलंत? चार महिने? आजवर तिचं एक तरी ऐकलंय का तुम्ही?"

डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या. मी त्यांना विचारलं, "चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

"तर चार महिन्यांपूर्वी काढली असती," त्या म्हणाल्या. "गाठ अजून किडनीच्या बाहेर पडलेली दिसत नाही. तेवढं बघा. बाकीचा हिशोब मला येत नाही, कुणालाच येत नाही."

ऑपरेशनसाठी नातेवाइकांनी रक्त द्यायचं होतं. मी दिलं. जोल्दोशनंही दिलं आणि शेजारच्या खुर्चीत बसून माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पाच तास ऑपरेशन चाललं. आपा दुसऱ्याच्या गाडीतून, गुडघ्यांना पट्टे बांधून आली आणि बाकावर बसून पुटपुटत राहिली, "माझं घे, तिच्या ऐवजी माझं घे." मी बाजूलाच बसले होते. माझ्यासाठी आपानं असं कधी म्हटलं असतं का, हे मी तेव्हाही मोजत होते.

नाझीक वाचली. किडनी काढली, गाठ तिच्या आवरणातच होती. आठव्या दिवशी चिनारा सादिकोव्नांनी आपाला आणि मला बोलावलं.

"तुमचे यजमान कशानं गेले?"

"पोटाचं होतं काहीतरी," आपा म्हणाली. "एकेचाळिसाव्या वर्षी गेले. कुशीत दुखायचं. रूळ उचलायचे ना."

"लघवी लाल व्हायची?"

आपानं रुमालाचं टोक तोंडात धरलं. "रूळ उचलून नस तुटलीय, असं ते म्हणायचे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "एवढ्या लहान वयात होतो तेव्हा कधी कधी हा आजार रक्तातून आलेला असतो. खात्रीची तपासणी इथे होत नाही. पण थोरलीची सोनोग्राफी आज करायची. आणि पुढे दर वर्षी."

मी टेबलावर पडले. पोटावर गार चिकट औषध लावलं. यंत्राचा दांडा कुशीवरून फिरायला लागला. आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भीती तर वाटतच होती. पण त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. सापडू दे, असं काहीतरी. लहानशी, बोराएवढी सापडू दे. म्हणजे आपा माझ्याही उशाशी बसेल. म्हणजे जोल्दोशला माझ्याकडे बघताना राग आवरावा लागेल. म्हणजे कुणीतरी म्हणेल, बिचारी बुरुल. असं माणसाच्या मनात येतं का? माझ्या आलं.

"दोन्ही स्वच्छ," यंत्रावरची मुलगी म्हणाली. "छान आहेत. पुसून घ्या."

मी खाटेपाशी गेले. नाझीक उशीला टेकून बसली होती, तोंड कणकेसारखं, केस तेलकट. पहिल्यांदाच माझ्याहून कमी देखणी.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"दोन्ही?"

"दोन्ही शाबूत."

मला वाटलं ती हसेल, म्हणेल, सुटलीस गं बाई. तिनं भिंतीकडे तोंड केलं. मग भिंतीलाच म्हणाली, "तुला नेहमी सगळं मिळतं."

मला हसूच आलं. "मला? मला काय मिळालंय गं? नवरा तुला, आपा तुला, गिऱ्हाईक तुला—"

"तुला बाबा मिळाले."

मी खाटेच्या कडेला बसले.

"दहा वर्षं मिळाले," ती म्हणाली. "तुला ढकलगाडीवर बसवून रुळावरून नेलं त्यांनी. तू सांगतेस ना सारखं, वारा कसा लागायचा, ते कसे गायचे. मी चारची होते. मला त्यांचा आवाजसुद्धा आठवत नाही. मला त्यांच्याकडून काय मिळालं? हे मिळालं." तिनं पट्टीवर हात ठेवला. "एवढंच द्यायचं होतं त्यांना मला. आणि तुला ते पण नाही दिलं."

इतकी वर्षं ही मुलगी माझ्यावर जळत होती आणि मला पत्ता नव्हता. मी ढकलगाडीची गोष्ट तिला मुद्दामच सांगायचे, हेही मला तेव्हाच कळलं. तिच्याकडे नव्हतं असं माझ्याजवळ तेवढंच होतं, म्हणून मी ते पुन्हा पुन्हा काढून दाखवायचे.

ती घरी आली, पण पूर्वीची नाझीक आली नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी. जड उचलायचं नाही. दोन वर्षं मूल नको, डॉक्टरांनी बजावलं होतं. ती टेबलाशी यायची, पण हसणं बंद झालं होतं. मी मासळीची पेटी उचलली की टोमणा यायचा. "उचल बाई, उचल. दोन इंजिनं आहेत तुला."

बायका हसायच्या नाहीत आता. एकमेकींकडे बघायच्या.

मला सर्दी झाली तर म्हणायची, "आपा, हिला सूप दे, हिला फारच मोठा आजार झालाय." गल्लीतल्या कुणा बाईला दिवस गेले की नाझीक त्या घरावरून जायचा रस्ता बदलायची. जोल्दोश तिला जपायचा, तर ती त्याच्यावरही खेकसायची. तिला होत होतं ते मला ओळखीचं होतं. त्या गल्लीत मी जन्मभर राहिले होते.

दुसऱ्या वर्षी तुरात आमच्या गोष्टीत आला. तोंगकडे त्याची ट्राउटची तळी होती, आम्हाला मासा तोच पुरवायचा. चाळिशीचा, बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, एक मुलगी. बोलायला संथ. पेट्या उतरवून झाल्या तरी तो माझ्या टेबलाशी रेंगाळायचा. मी मागच्या अनुभवानं शहाणी झाले होते. एक दिवस थेट विचारलं, "तुरात, कुणाबद्दल विचारायचंय का तुला? माझ्या बहिणीचं लग्न झालंय."

तो लाल झाला. "मी तुझ्याबद्दलच... कुणाला विचारू, ते कळत नव्हतं."

तेहतीस वर्षांची होते मी. घरी जाताना उलान वारा समोरून मारत होता आणि मला तो लागत नव्हता.

त्याची थोरली बहीण मे महिन्यात मागणी घालायला आपाकडे आली. तळलेल्या बोरसोकची परात आणि मिठाई घेऊन, रीतीप्रमाणे. मी मासळीपाशी होते. मुलीनं घरात नसावं हेच बरं असतं. नाझीक चहा द्यायला गेली होती. संध्याकाळी आपा खुश होती. "बाई चांगली आहे. पंधरा दिवसांत कळवते म्हणाली."

तीन आठवडे झाले. तुरात पेट्या उतरवायचा आणि न बोलता गाडीत बसायचा. चौथ्या आठवड्यात मी त्याच्या गाडीसमोर उभी राहिले.

"बोल."

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "बुरुल, माझी बहीण म्हणते, तुमच्या रक्तात तो आजार आहे. तुझे वडील त्यानं गेले. म्हणे आज नाही तर उद्या तुलाही होणार."

"कोण म्हणालं असं?"

"तुझी बहीण. चहा देताना." मग खाली बघून म्हणाला, "मी एकदा पुरलंय गं. माझ्या पोरीनं आईला एकदा जाताना बघितलंय. परत दाखवायची हिंमत नाही माझ्यात. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

"मी दर वर्षी तपासून घेते. काही नाही मला."

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण आता दर वर्षी मला झोप येणार नाही."

त्याला मी कशी दोष देणार? त्या हिवाळ्यात त्यानं कोचकोरच्या एका बाईशी लग्न केलं. मासा अजून त्याचाच घेते मी. मासा चांगला असतो.

नाझीकशी मी भांडले नाही. भांडण करायला एक माणूस लागतो, आणि ती माझ्यासाठी माणूसच राहिली नव्हती. मी माझं टेबल उचललं आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला नेलं. सबंध उन्हाळा आम्ही एक शब्द बोललो नाही. आपा मधे ये-जा करून थकली. "एकीला एक किडनी, एकीला जीभच नाही, आणि मला दोन दगड जन्माला आले," असं ती शेजारणींना सांगायची.

ऑक्टोबरात एका दुपारी नाझीक माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. गिऱ्हाइकासारखी, समोरच्या बाजूला.

"गुरुवारी स्कॅन आहे," ती म्हणाली. "मोठा. छातीचा पण. गेल्या वेळी फुफ्फुसात एक ठिपका दिसला होता. बघू म्हणाल्या होत्या."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं.

"जोल्दोश नेईल की."

"नेईल. पण तो पांढराफटक पडतो. माझ्या तोंडाकडे असं बघतो, जसं तिथेच रिपोर्ट छापलाय. त्याच्या भीतीनं मला भीती वाटते." ती माशांच्या माळेशी चाळा करत होती. "तू तसं बघत नाहीस. तू आपली नेहमीसारखी बघतेस. जसं मी तुझं काहीतरी चोरलंय."

"चोरलंयसच."

"हो," ती म्हणाली. "म्हणून तू चल."

गुरुवारी आम्ही दुसऱ्याच्या बसनं गेलो. स्कॅन झाला आणि रिपोर्टासाठी बाहेरच्या बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीचा हिरवा रंग पोपडे धरून सुटत होता. नाझीकचा पाय थरथरत होता. मी तिच्या गुडघ्यावर हात दाबला. प्रेमानं नाही, बाक हलत होता म्हणून. निदान सुरुवातीला म्हणून.

"तुरातच्या बहिणीला मीच सांगितलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"ती परात घेऊन बसली होती. आपा एवढी खुश होती. मला वाटलं, हिला आता नवरा, हिला मूल, आणि हिच्या दोन्ही कुशी भरलेल्या. चहा ओतता ओतता तोंडातून गेलं. मग थांबवता आलं असतं. नाही थांबवलं."

मी हात तसाच दाबून धरला.

"तू बर्फावर रक्त बघितलं होतंस," ती म्हणाली.

"बघितलं होतं."

"बीट नाही, हे कळलं होतं तुला?"

"कळलं होतं."

"सांगू नको मीच म्हटलं होतं," ती म्हणाली. "पण तू सांगशील असं मला वाटलं होतं. मी रोज वाट बघत होते, आज एजे आपाला सांगेल, आणि आपा मला ओढत डॉक्टरकडे नेईल. मला स्वतःला जायची भीती वाटत होती."

सांगू नकोस म्हणणारी माझी वाट बघत होती. मी चार महिने तिचा शब्द पाळला, आणि तो पाळण्यात माझा किती मोठा स्वार्थ होता हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून मी सांगितलं. मधली खोली, मेंढीचं सूप, सगळं. टेबलावर पडल्यावर 'बोराएवढी सापडू दे' म्हटलेलं फक्त नाही सांगितलं.

तिनं सगळं ऐकलं. "सूप ढवळायला लागू नये म्हणून?"

"हो."

"मग आता काय, फिटंफाट?"

"फिटंफाट कसली," मी म्हणाले. "तुझी किडनी गेली. माझा एक मासेवाला गेला."

ती आधी हसली की रडली ते नीट कळलं नाही. तोंडावर हात दाबून तिचे खांदे हलत होते, आणि दार उघडून नर्सनं आमच्याकडे रागानं बघितलं. मग मलाही आवरेना.

चिनारा सादिकोव्नांनी बोलावलं तेव्हा आम्हा दोघींचे डोळे लाल होते. त्या थबकल्या. "अजून मी काही सांगितलंच नाही," त्या म्हणाल्या. "बसा. ठिपका वाढलेला नाही. जुना व्रण असावा. सहा महिन्यांनी या. आणि आता मुलाचा विचार करायला माझी हरकत नाही."

नाझीक खुर्चीत तशीच बसून राहिली. तिनं मला हात लावला नाही, मिठी मारली नाही. फक्त मोठ्यानं श्वास सोडला. त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला. आणि त्या आनंदाला चिकटूनच, तिला मूल होईल, ह्या विचाराची ती जुनी बारीक कळ उठली. दोन्ही एकाच वेळी होतं. मी आता त्यातलं एक खोटं आहे असं म्हणत नाही.

बाहेर आलो तर दुपार टळली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. बसस्टँडजवळच्या दुंगान, म्हणजे चिनी मुसलमान, बाईच्या खानावळीत शिरलो. तिच्या हातच्या लगमानच्या लांब शेवया प्रसिद्ध होत्या, लाल तिखट रश्श्यातल्या. मी एक वाडगा मागवला. नाझीकनं साधा उकडलेला बटाटा आणि दही मागवलं.

"तू का नाही घेत?"

"मीठ," ती म्हणाली. "उरलेलीला जपायचंय. तिखट, खारट, सगळं बंद."

माझा वाडगा आला. वरून मांसाचे तुकडे, मिरचीचा तवंग, वाफ. नाझीक बटाटा काट्यानं कुस्करत होती, पण डोळे माझ्या वाडग्यावर होते. लहानपणी मी ज्या डोळ्यांनी तिच्या ताटाकडे बघायची, अगदी त्याच डोळ्यांनी.

"एजे, लवकर संपव ना," ती म्हणाली. "मला बघवत नाही."

मी चमचा बाजूला ठेवला, एक शेवई काट्यावर गुंडाळली आणि सावकाश, चावून चावून खायला लागले.